भिंतीपर्यंतची पायवाट

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या. मधे हसलात तर सांगणं बंद करीन आणि दिलेला चहाही परत घेईन. कारण ही फजिती दुसऱ्या कोणाची नाही, माझी आहे. आणि तीही माझ्याच प्लॉटमध्ये, माझ्याच चपलांनी केलेली!

मी नंदनवन नावाच्या वस्तीत राहते. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं माझं मी शिकले. सायकल शिकले, शिलाई मशीन शिकले, बँकेचं एटीएम शिकले, आणि केस पांढरे झाल्यावर कॉम्प्युटर शिकले. काहून? तर गॅसचा सिलिंडरवाला दर वेळी मागच्या गल्लीत जाऊन बोंबलायचा. म्हणे, नकाशात तुमची गल्लीच नाही! नाही म्हणजे? उभा संसार ज्या गल्लीत केला ती नाही? मग कळलं की इंटरनेटवर एक नकाशा असा आहे, जो तुमच्या-माझ्यासारखे लोकच फुकट काढतात. बसले, आणि गल्ली काढूनच उठले.

आता त्या नकाशावर मी मोठी असामी आहे बरं! नव्या लोकांनी काही काढलं की आम्ही जुन्यांनी ते तपासायचं आणि त्यांना सूचना लिहायच्या. आमच्या गटाचा नियम आहे. आधी काहीतरी चांगलं बोला, मग चूक सांगा, शेवटी एक प्रश्न विचारा. म्हणजे माणूस हिरमुसत नाही. हा नियम खास माझ्यामुळे करावा लागला, असं काही लोक म्हणतात. म्हणू द्या. एकानं आमचा बुद्धविहार चक्क मंदिर म्हणून टाकला होता. त्याला मी लिहिलं, "नाव शुद्ध लिहिलंस. बाकी सगळं चुकलंस. डोळे आहेत का?"

होता की नाही शेवटी प्रश्न? तरी पळाला!

खरं सांगू? असे पळाले की वाईट वाटायचं. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच असायचं.

आधी शांता होती. आमच्या मालकांनी दोन प्लॉट जोडून घेतले होते. एकात घर. दुसऱ्यात लिंबू, शेवगा आणि बाकी सगळं गवत. गवताच्या टोकाला भिंत, भिंतीच्या पलीकडे शांता. सकाळ-संध्याकाळ भिंतीवर चहाचे कप ठेवून आम्ही दोघी जगाचा निकाल लावायचो. मालक गेले तेव्हाही त्या भिंतीनंच मला उभं ठेवलं. मग शांताच्या पोरानं तिला पुण्याला नेलं. घराला कुलूप. जाताना म्हणाली, "घराकडं ध्यान ठेवजो वं. मी येतोच."

असो. मुद्द्यावर येते.

गटात एक नवी बाई आली, कुही गावची वैशाली. घरचं आवरलं की दुपारी नकाशा काढत बसायची. तिला नंदनवनच्या गल्ल्या दिल्या होत्या. एक दिवस तपासते तर काय, बाईनं माझ्या प्लॉटमधून पायवाट काढलेली! माझ्या मागच्या दारापासून निघाली, लिंबाला वळसा घातला आणि थेट शांताच्या भिंतीशी जाऊन थांबली.

माझं डोकं सटकलं. तरी नियम पाळला हं! लिहिलं, "रेघ सुरेख काढलीस. पण पायवाट कुठंतरी जाते, ही भिंतीशी जाऊन मरते. माझ्या घरी महिना महिना माणूस फिरकत नाही. मग ही वाट काय भुतांनी पाडली?" आणि रेघ खोडून टाकली.

तिचं उत्तर आलं, "आजी, वरून काढलेल्या फोटोत साफ दिसून राहिली जी. गवत तुडवलेलं हाय. एकदा खिडकीतून पाहून घ्या ना."

मला! जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय नकाशात लिहू नका, असं अख्ख्या गटाला जिनं घोकवलं, तिला ही सांगणार खिडकीतून पाहायला! तणतणत उठले, खिडकी उघडली.

अय माय! होती ना! गुडघाभर गवत आणि त्यातून भांग पाडल्यासारखी पायवाट!

म्हणजे माझ्या प्लॉटमधून कोणीतरी रोज जातं आणि मला पत्ता नाही? तशीच समोरच्या गजाननभाऊंकडे गेले. भाऊ रिटायर झाल्यापासून चोराची वाट पाहत असतात. त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"चोरच हाय, बाई! तुमच्या प्लॉटातून भिंतीवर, भिंतीवरून शांताबाईच्या घरात. बंद घर ताडून ठेवलं त्यानं."

"पन वाट माझ्या दारापासून काहून निघते, भाऊ?"

"आधी तुमची कडी पाहत असन ना!"

"अन् मी तर रोज दोन टाइम चहा घेऊन त्या भिंतीशीच उभी राहतो. मले कसा दिसला नाही कधी?"

"तेच तर! पक्का चोर दिसून राहतो का?"

पटलं मला. तुम्ही हसू नका, त्या वेळी तुम्हालाही पटलं असतं.

तिथंच थांबले असते तर बरं होतं. पण मी कुठली थांबते! लावला पुण्याला फोन.

"शांते, तुझ्या घरावर चोराची नजर हाय वं."

"काय सांगतं!" ती ओरडली. मागून तिच्या पोराचा आवाज आला, "मी केव्हाचा म्हणून राहिलो, आई, विकून टाकू. गिऱ्हाईक आहेच. चोरी व्हायची वाट पाहायची का?"

शांतानं फोन घेऊन दुसरी खोली गाठली. मग हळूच म्हणाली, "रविवारपर्यंत थोपवतो मी याले. तू चोर पकड."

फोन ठेवला आणि मग कळलं, मी काय करून बसले. घर विकलं की 'मी येतोच' पण विकलं गेलं. भिंतीपलीकडे कोणीतरी नवा येणार, तो भिंत उंच करणार, वर काचा लावणार. आणि हे सगळं कोणामुळे? फोन कोणी केला?

मग काय, पकडायचाच! जाड दोरा घेतला, स्वयंपाकघरातल्या गंज-पातेल्यांवरच्या होत्या नव्हत्या तेवढ्या झाकण्या त्याला बांधल्या. एक दोरा लिंबाजवळ ताणला, दुसरा पार भिंतीशी. एकातून सुटला तर दुसऱ्यात अडकला पाहिजे! लाइट बंद केले, काठी मांडीवर घेतली आणि मागच्या खिडकीशी बसले. गजाननभाऊंना सांगून ठेवलं, आवाज झाला की धावत या.

संध्याकाळ झाली. पाखरं शेवग्यावर आली. चोर काही आला नाही.

चहाची वेळ झाली, म्हणून चहा ठेवला. आता राखण करायची म्हणून माणसानं चहा सोडायचा का? गाळला, कप उचलला, चपला घातल्या आणि...

धडाम!

झाकण्यांचा असा खणखणाट झाला की शेवग्यावरची पाखरं उडाली. "सापडला! सापडला!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले, आणि गवतात जे हाताला लागलं ते घट्ट धरून ठेवलं.

तो माझाच पाय होता.

गजाननभाऊ धुणं वाळवायचा बांबू घेऊन फाटकातून धावत आले. "कुठं हाय? कुठं हाय?"

"इथं."

"पळाला का?"

"नाही, भाऊ. बसला हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांडलेल्या कपाकडे पाहिलं. मग मागच्या दारापासून माझ्यापर्यंत आणि माझ्यापासून भिंतीपर्यंत ती अख्खी वाट पाहिली.

"म्हंजे, बाई... तुमीच?"

"हो ना. मीच."

ते जे हसत सुटले ते बांबू टेकून खालीच बसले. तोवर माझ्या ध्यानात सगळं आलं होतं. अहो, सवयीचं चालणं चालण्यात मोजतं का कोणी? शांता गेली तरी माझे पाय थांबले नव्हते. दोन वेळा भिंतीशी जायचं, चहा प्यायचा, पलीकडचं कुलूप पाहायचं, परत यायचं. आकाशातून दिसेल इतकं गवत तुडवलं मी, आणि कोणी फिरकत नाही म्हणून त्या बिचारीला झापलं!

शांताला फोन केला. "चोर सापडला. मीच निघाली."

वाटलं, हसेल. तिनं तेच मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मी नाही तरी जाते का वं तू तिथं?"

"घरात चहा लवकर थंड होते," मी म्हटलं.

तिनं फोन बाजूला धरला, पण मला ऐकू आलं. पोराला सांगत होती, "कोनी चोरबिर नाही. अन् असा पहारा पुण्यात पैसे देऊन भेटन का? मले तिथं जाऊन राहायचं हाय. नाही म्हन त्या गिऱ्हाईकाले."

नाही म्हटलं त्यानं. सध्यापुरतं तरी.

मग राहिलं नकाशाचं काम. खोडलेली रेघ मी त्याच संध्याकाळी माझ्या हातानं परत काढली आणि वैशालीला सगळं लिहिलं, झाकण्यांसकट. नकाशात खोटं चालत नाही. तिचं उत्तर लगेच आलं:

"आजी, झाकण्यांची आयडिया एक नंबर! पन दुसऱ्याची वाट खोडायच्या आधी आपले पाय पाहत जा जी. अन् रोज भिंतीपाशी चहा पेता, तो कोनासंग?"

आधी चांगलं, मग चूक, शेवटी प्रश्न. नियमात कुठं बोट ठेवायला जागा नाही! माझ्यासाठी केलेला नियम फिरून माझ्यावरच आला.

उत्तर लिहायला बसले. लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी चहाचा कप उचलला आणि म्हटलं, भिंतीशी उभं राहून विचार करू. लिंबाजवळचा दोरा तर तुटलाच होता, म्हणून बिनधास्त निघाले.

भिंतीजवळचा सोडायचा राहिला होता.

पुन्हा तोच खणखणाट. मी गवतात, कप गवतात. आणि समोरच्या घरातून गजाननभाऊंचा आवाज आला, "बाई, सापडला का जी?"