रुमालाखालची चार बोटं

तो आधी बैलबाजारात दलाल होता. आता तामलवाडीला हायवेलगतचे प्लॉट विकतो, पण बोली अजून बाजारातलीच. कोपऱ्यावरच्या प्लॉटला तो 'देखणा' म्हणतो आणि भाऊबंदकीत अडकलेल्याला 'मारका'. भाव मात्र कधी तोंडानं सांगत नाही. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकतो आणि खाली बोटं दाबतो.

आठ वर्षांपूर्वी माझा प्लॉट त्यानंच विकून दिला. चार बोटं, म्हणजे चार लाख. मी लगेच मान हलवली, तरी हा माझा हात सोडेना. मनगट दोनदा करकचून दाबलं. दलाली वाढवून मागतोय असं वाटून मी हात झटकला.

परवा मुलासाठी प्लॉट बघायला गेलो, तर त्यानं नेमकं माझ्याच जुन्या प्लॉटवर नेलं. रुमाल पडला. चार बोटं दाबली गेली.

"अजून चारच?" मी खुशीत विचारलं.

"चाळीस, गुरुजी."

"अहो, चार बोटांचे चाळीस कसे?"

"बोटं तीच असत्यात. बाजार बघून समजायचं."

मी हद्दीच्या दगडावर मटकन बसलो. त्यानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि शेजारी टेकला.

"तवा तुमचं मनगट दोनदा दाबलं हुतं," तो खाली बघत म्हणाला. "आमच्यात त्याचा अर्थ, इकू नका. गिऱ्हाईक म्होरं हुतं, तोंडानं कसं सांगावं?"