आंधळ्या मास्तरांनी मला नापसंत केलं

मला बघायला आलेल्या मंडळींत एक जण आंधळे होते, आणि मला नापसंत केलं ते त्यांनीच. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग चेहरा पाडून "अरेरे" म्हणतात. हसा खुशाल. आमच्या भुईगावात तर वर्षभर हसत होते.

गिरीजचे मास्तर म्हणजे आमच्या पंचक्रोशीत सगळ्यांचे मास्तर. पाळण्यात असताना देवी आल्या आणि डोळे गेले. मुंबईच्या अंधशाळेत शिकून ते परत आले आणि गावच्या शाळेत इतिहास-मराठी शिकवू लागले. शाळा सुटली की गावची कामं. कुणाला मुंबईच्या इस्पितळात न्यायचं असो, दोन वाड्यांमधल्या कुंपणाचं भांडण असो, नाही तर बावखलातला, म्हणजे गावच्या तळ्यातला, गाळ काढायला माणसं गोळा करायची असोत, मास्तरांची काठी पुढं असायचीच. आणि मुलगी बघायला जायचं असलं की गिरीजची माणसं त्यांना हटकून बरोबर न्यायची. म्हणायची, आपण रंग बघतो, नाक बघतो, मास्तरांना माणूस कळतो. मास्तरही खुशीत जायचे. बघायला आलेल्यांपुढं उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी ठेवायची पद्धत होती आणि सुकेळी म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

माझी अकरावी झाली होती, सत्तरच्या दशकातली गोष्ट. मला डी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. बाबांपुढं विषय काढला की ते केळीच्या पानांचे गठ्ठे बांधता बांधता म्हणायचे, "आधी लग्न. मग नवऱ्यानं शिकवलं तर शिक." वर्ण काळा, उंची ताडमाड आणि तोंड असं, त्यामुळं आधीच कुणी फारसं फिरकत नव्हतं. त्यात गिरीजचं स्थळ चालून आलं. मुलगा हापिसात, घरची मोठी वाडी. बाबांना आकाश ठेंगणं झालं. मी मात्र आदल्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले, कारण हे जमलं की माझं शिकणं संपलं हे मला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मंडळी आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि मास्तर. मुलाच्या आईनं मला चालायला लावलं, विहिरीवरून हंडा आणायला लावला, हाताचे घट्टे बघून "कामाची आहे" म्हणाली. बैलाचे दात बघतात ना, अगदी तसं! मी आतून नुसती धुमसत होते. तेवढ्यात सुकेळी चघळत बसलेले मास्तर म्हणाले, "मुली, मी काही समुद्र पाहिलेला नाही. गाज ऐकतो, पाय बुडवतो. पण ओहोटीला ते पाणी जातं कुठं, सांग बघू."

आता असल्या वेळी मुलीनं मान खाली घालून "मला नाही माहीत" म्हणायचं असतं. पण माझ्या अंगातली मास्तरीण गप्प बसेल तर शपथ! मी आत गेले, पितळी परात पाण्यानं भरून आणली आणि सरळ मास्तरांच्या मांडीवर ठेवली. आईनं दारातून डोळे वटारले. मी मास्तरांची बोटं अलीकडच्या काठाशी पाण्यात बुडवली आणि त्या बाजूनं परात जराशी उचलली.

"पाणी आहे?"

"नाही. गेलं."

"संपलं का?"

"संपेल कसं? परातीतच असणार."

"पलीकडच्या काठाला गेलंय. तिथं आत्ता भरती आहे. थांबा, आता तुमच्याकडं येतं बघा."

परात पुन्हा त्यांच्याकडं कलती केली ती जरा जोरातच. भसकन पाणी आलं आणि मास्तरांची इस्त्रीची पांढरी पँट चिंब. मुलाची आई "अगं बाई!" करून उभी राहिली. मास्तर मात्र असे खदखदून हसले की बाहेर कोंबड्या पळाल्या. "पलीकडं जातं होय! इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही मला."

मुलगाही हसला. म्हणाला, "मास्तरीणबाईच आहे की." त्याची आई मात्र नाही हसली. तिनं बाबांना सांगितलं, "मुलगी धडधाकट आहे. आम्हाला चालेल. पण हे शाळेचं खूळ आजपासून बंद. आमच्याकडं वाडीचं काम आहे. पुढच्या रविवारी फादरांकडं जाऊ." बाबा मान डोलावतच होते.

तेवढ्यात मास्तर म्हणाले, "मला मुलगी पसंत नाही."

मुलीच्या घरात बसून असं तोंडावर कुणी बोलत नाही हो. नकार असला तरी "कळवतो" म्हणतात, आठवड्यानं कुणाकडून तरी निरोप येतो. मुलाची आई चपापली. "मास्तर, काय दिसलं तुम्हाला?"

"मला काय दिसायचं? पण तुम्ही मला विचारायला आणलंत, मी सांगितलं."

बरोबर आणलेल्या मास्तरांचा शब्द मोडून सोयरीक करायची, तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मंडळी चहा अर्धा टाकून निघाली. आमच्या गल्लीत संध्याकाळपर्यंत बातमी: आंधळ्यानंसुद्धा नापसंत केली म्हणे! आई देव्हाऱ्यापुढं मेणबत्ती लावून रडत बसली. आणि मी? लग्न मोडलं म्हणून मनातून सुटल्यासारखं वाटत होतं, पण आंधळ्या माणसानं नाकारलं म्हणून अंगाची लाही लाही होत होती.

पुढच्या रविवारी मास्तर एकटेच एसटीनं आले. काठी टेकत ओटीवर चढले. बाबांनी "बसा"सुद्धा म्हटलं नाही. ते आपणच बसले.

"मुलगी नापसंत नव्हती," ते म्हणाले. "घर नापसंत होतं. पण तसं बोललो असतो तर त्या घराचं नाव खराब झालं असतं. गाव माझा आहे."

"म्हणून माझ्या पोरीचं केलंत?" बाबा कडाडले.

मास्तरांनी काठी भिंतीशी टेकवून ठेवली. मग म्हणाले, "हो. ते चुकलं. म्हणून आलोय. हिला डी.एड.ला पाठवा. सिस्टरांच्या वसतिगृहात मी बोलतो. ही मुलगी वाडीत कोंडलीत तर फुकट जाईल."

बाबा नाही म्हणाले. पुढच्या रविवारी मास्तर परत आले. बाबा परत नाही म्हणाले. मग दर रविवारी हेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बाबांनी वैतागून त्यांच्यापुढं वालाच्या शेंगांची टोपली सरकवली, की नुसते बसता कशाला, सोला. मास्तर सोलू लागले. दोघं समोरासमोर बसून शेंगा सोलायचे, पावसापाण्याचं बोलायचे आणि उठता उठता मास्तर विचारायचे, "मग, पाठवताय?" मी आतून कान लावून असायची. मास्तरांच्या चहात साखर घालायला मी पहिल्यांदा मुद्दाम विसरले होते. पुढं दोन चमचे जास्त घालायला लागले.

मे महिन्यातल्या एका रविवारी बाबा स्वतःच बोलले. "मास्तर, जूनपासून येऊ नका. पोरगी वसतिगृहात असणार. तुम्हाला चहा कोण करून देणार?"

मी स्वयंपाकघरात भांडं पाडलं. मास्तरांनी बाहेरून ओरडून विचारलं, "परात का गं?"

मी शिकले आणि त्यांच्याच शाळेत लागले. पण त्या नकारानंतर मास्तरांना मुलगी बघायला कुणी नेलं नाही. फटकळ म्हातारा, भर बैठकीत तोंडघशी पाडतो, असं झालं. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "सुकेळी बंद झाली, एवढंच." मला फार लागलं ते. दर नाताळात मग मी सुकेळ्यांचा पुडा न्यायची आणि ते वास घेऊन म्हणायचे, "ह्या भुईगावच्या. गिरीजच्या जास्त गोड."

माझ्या लग्नाची वेळ आली तेव्हा मी बाबांना बजावलं, मुलगा मी बघणार आणि मास्तर बरोबर येणार. गेलो. मास्तरांनी खुर्चीत बसल्या बसल्या तोच प्रश्न टाकला, "ओहोटीला पाणी जातं कुठं?" मुलगा गोंधळला. म्हणाला, "मला नाही बुवा माहीत. हिला विचारा, ही शिक्षिका आहे."

"पसंत आहे," मास्तर तिथल्या तिथं म्हणाले. त्याच माणसाशी मी संसार केला.

ऐंशीचं दशक सरता सरता मास्तर अंथरुणाला खिळले. भाचेसून त्यांचं मायेनं करायची. मी शाळा सुटल्यावर जायची, वर्गातल्या गमती सांगायची. एक दिवस ते फार क्षीण आवाजात म्हणाले, "ओहोटी लागली गं. पाणी जातं कुठं, सांग बघू."

इतकी वर्षं वर्गावर वर्ग हाच धडा शिकवला होता, पण परातीशिवाय कधीच नाही. उठले, स्वयंपाकघरातून परात आणली, विहिरीच्या पाण्यानं भरून त्यांच्या उशाशी स्टुलावर ठेवली. त्यांचा हात उचलून पाण्यात ठेवला, नि त्या बाजूनं परात हळू उचलली.

"गेलं," ते म्हणाले.

"पलीकडं गेलं, मास्तर."

ते हसले. "या वेळी सांडू नकोस हं."

मी फार जपून परात खाली आणत होते. तरी पाणी सगळं त्यांच्या बाहीवर सांडलं.