टाकणखाराची भट्टी

दादाने नोकरी सोडून हडपसरला शेड घेतली, तेव्हा मी धातुशास्त्र शिकून नुकतीच बाहेर पडले होते. त्याच्याच हाताखाली लागले. टाकणखार वितळवून त्यात व्हॅनेडियमची पूड घालायची आणि कारखान्यांतून आलेल्या पोलादी डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, त्या लालभडक रसात तासन्‌तास टांगून ठेवायच्या, हे आमचं काम. पोलादातला कार्बन पृष्ठभागाकडे सरकतो, व्हॅनेडियमशी जुळतो आणि डायवर केसाहून पातळ, पण भयंकर कठीण थर चढतो. मग ती लवकर झिजत नाही.

आमची गिऱ्हाइकं बहुतेक इंजिनाचे पत्र्याचे भाग दाबणारी. विजेच्या गाड्या आल्या तसं त्यांचंच काम आटलं. उरलेली चाकणच्या एका मोठ्या कारखान्याकडे गेली. तिथला थरही चांगलाच होता. मी सूक्ष्मदर्शकाखाली बघितला होता, त्यामुळे नावं ठेवायचीही सोय नव्हती.

काम नसलं तरी भट्टी पेटतीच ठेवावी लागे. रस थिजला की त्याची काच होते आणि पुन्हा तापवताना भांडं तडकतं. दादा रोज विश्रांतवाडीहून येऊन तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचा. बंद करू या, असं मी किती वेळा सुचवलं. एखादी ऑर्डर येईल, म्हणायचा.

आली. एका जुन्या गिऱ्हाइकाने डाय पाठवली. दादा त्या दिवशी दाढी करून आला. दुपारी डाय भट्टीत असतानाच त्या गृहस्थांचा फोन आला. त्यांनी पत्रा दाबायची प्रेसच विकली होती.

"अहो, पण डाय तरी घेऊन जा," दादा म्हणाला.

"ठेवा तुमच्याकडेच. आता ती कुठे लावू?"

वेळ भरल्यावर आम्ही ती बाहेर काढली, तेलात बुडवली, पुसली. थर सगळीकडे सारखा बसला होता. मी तसं सांगितलं. दादाने मान हलवली आणि जाऊन मेन स्विच खाली ओढला. संध्याकाळपर्यंत रसावर साय धरली, मग आतून तडतड आवाज येऊ लागले.

शेडमध्ये आता कुरिअरवाले आहेत. मी खराडीला कॉम्प्युटरसमोर बसते. दादा घरी असतो. कुठे तरी सल्लागार म्हणून जा, असं वहिनी सांगते, मीही सांगते. तो ऐकून घेतो आणि विचारतो, "कशाचा सल्ला देऊ?"