वर्दीतला हीरो आणि भरवेलीचा एक फोटो

अन्याय झाला तो खदानीच्या गावातल्या, भरवेलीच्या माझ्या मैत्रिणीवर, यंदाच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नारबोद गावाबाहेर नेताना.

आमचा कॉमिक वाचणाऱ्या चौघांचा कंपू. पोळ्याच्या आधी चहाच्या टपरीवर एका परदेशी लेखकावरून जुंपली होती. त्यानं जुन्या उडणाऱ्या हीरोचा रंगीत झगा उतरवून त्याला वर्दी चढवली. आता तो आला की लोक खिडक्या लावून घेतात.

"लहानपणी याच्यासाठी टॉवेल बांधून छतावरून उडी मारली मी," एक जण म्हणाला, "अन् या लेखकानं त्याचा पार ठाणेदार करून टाकला."

"त्याले लोकायचं भेव वाटते, म्हणून तो सगळ्यायवर नजर ठेवते," मैत्रीण म्हणाली. "बराबर लिहिलं."

"हीरोले भेव? बाई, कॉमिक उलटी धरून वाचली का?" दुसऱ्यानं टोमणा मारला.

"हौ. तू तर चित्रंच पाहतं."

नारबोद म्हणजे काठ्या-पाल्याचं बाहुलं. ताप, खोकला, मच्छर, सगळं घेऊन जाय म्हणत शिवेबाहेर जाळायचं. यंदा मैत्रिणीनं त्या बाहुल्याला कॉमिकमधल्या हीरोचा वेष शिवला: मळकट हिरवी वर्दी, डोळ्यांवर काळी पट्टी. भेवही घेऊन जाय, असं आम्ही ओरडलो, हसलो. जंगलात नक्षलवादी असलेल्या आमच्या जिल्ह्यात जळती वर्दी कशी दिसेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुपारपर्यंत जळत्या बाहुल्याशेजारचा तिचा फोटो फोनोफोनी फिरला. खाली ओळ: 'वर्दी जाळणारी ही पोरगी जंगलातल्या कोणाची?'

संध्याकाळी दोन अनोळखी माणसं मोटरसायकलवर तिच्या क्वार्टरपाशी आली. वडील नुकतेच खदानीतून आले होते. "लड़की किससे मिलती है?" एवढंच विचारून गेली. कोण होती, अजून कळलं नाही. तेव्हापासून ती कॉलेजात नाही. फोन तिची आई उचलते. "काहून फोन करतं बाबू? नको करत जाऊ." आता बाहेर गाडी थांबली की मीही खिडकीपासून सरकतो.

कंपूतल्या बाकी दोघांनी फोनवरचा आमचा ग्रुप सोडला.

तो फोटो तुमच्याही फोनवर आला असेल. नुसता पुसू नका. ज्यानं पाठवला त्याला आजच लिहा: हा कॉमिकमधला हीरो आहे, आणि ही खदान कामगाराची मुलगी आहे, कॉलेजात शिकते. खाली स्वतःचं नाव टाका. मी माझं टाकलंय. एकटंच आहे ते, म्हणून भीती वाटते.