कोपऱ्यातली आय आणि माझं भोपळ्या भूत

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. मुळीच नव्हता. भर दुपारी चिंचेखालून जाताना बाकीच्या बायका तोंडाला पदर लावायच्या, मी तिथेच थांबून चिंचा वेचायचे. तुमच्या या सदरात लोक लिहितात ते वाचून मी आजही हसते. पांढरी साडी, उलटे पाय, रस्त्यात गाडी थांबवणारी बाई... तिला एसटी मिळत नाही का? पण असो. माझ्या बाबतीत जे झालं त्यात भूत होतं खरं, फक्त ते भूत मीच होते. म्हणून इतकी वर्षं लिहायला लाज वाटत होती. आता सत्तरी ओलांडली, लाजेचं काही राहिलं नाही.

नव्वदीच्या दशकाच्या मधली गोष्ट. आम्ही बोईसरला राहायचो, स्टेशनच्या पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत. आमचे हे एमआयडीसीत एका कारखान्यात, मुलगी मनीषा नववीत. सासर माहीमचं. मुंबईचं नव्हे हो, पालघरचं, केळव्याच्या शेजारचं. मच्छीमारांचं घर, किनाऱ्याला लागून. तिथे थोरले दीर, मोठी जाऊ हिरूबाय आणि सासूबाई. सासूबाईंना सगळं घर आय म्हणायचं.

मी तेव्हा चाळिशीची आणि मॅट्रिक पास. त्या मॅट्रिकचं मला इतकं कौतुक, की माहीमला गेले की सुकटीच्या वासाने नाकाला रुमाल लावायचे. आणि पानावर बसले की सगळ्यात जास्त सुकट मीच खायचे. अशी ती बाई. आज भेटली तर मी तिच्याशी बोलणार नाही.

तर सासरे वारले. आमच्या घरात एक जुनी रीत होती. नवरा गेला की बायकोने मागच्या खोलीतला कोपरा धरायचा. दिवसकार्य उरकलं की तिच्या माहेरचं माणूस, शक्यतो भाऊच, येऊन तिला नावाने हाक मारायचा आणि अंगणात घेऊन यायचा. एकदा अंगणात आली की बाई मोकळी. बाजारात जायला, मासळी विकायला, भांडायला. आयचा भाऊ होता एकच, गणपत. तो सासऱ्यांच्या आधीच गेलेला. माहेरी दुसरं कुणी उरलेलं नव्हतं. दिवसकार्य झालं, पाहुणे जेवून गेले, आणि आय कोपऱ्यातच राहिली.

"आय, चल ना भायेर," हिरूबाय म्हणायची.

"मना न्यायला कोन आला? नाय ना आला? मंग बसलेय."

रडणं नाही, रुसणं नाही. साधा हिशोब, न्यायला कोणी आलं नाही तर जायचं नाही. पावसाळा गेला, थंडी आली, आय तिथेच. दोघा भावांनी मिळून तिला उचलून आणायचा प्रयत्न केला, तर तिने खांबाला मिठी मारली आणि माझ्या नवऱ्याच्या मनगटाला चावली. मग शेजारच्या वामनला मानलेला भाऊ म्हणून नवं धोतर नेसवून उभं केलं. आयने त्याला खालून वर पाहिलं. "हा माझा भाव? याचा ढुंगन मी धुतलाय. ए वामन्या, घरी जा, आयशीला सांग मी इचारलंय."

पण हसण्यासारखं राहिलं नव्हतं. बसून बसून तिचे पाय आखडत चालले होते. पालघरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं - आता चालली नाही, तर पुढे चालायचं म्हटलं तरी चालता येणार नाही. टोपली डोक्यावर घेऊन माहीमहून केळव्याला चालत जाणारी बाई ती.

याच सुमारास ह्यांनी बोनसमधून टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणला. म्हणे मनीषासाठी. पहिले आठ दिवस स्वतःच गाड्या पळवत बसले. कॅसेटवर शंभराच्या वर गेम लिहिलेले, प्रत्यक्षात सात-आठ, बाकी तेच फिरून फिरून. मी परत करायला गेले तर स्टेशनजवळचा दुकानदार म्हणाला, "भाभीजी, कॅसेट वापस नहीं होगा. आप पूरा खेल के देखो, अंदर बहुत माल है."

म्हणून मी खेळून पाहिली. बाकी काही नाही, पैसे वसूल करायचे होते!

शेवटून दुसरा गेम भुताचा होता. अक्षरं चिनी की जपानी, देव जाणे. एक घर दिसायचं, पुढची भिंत काढून ठेवल्यासारखं, सगळ्या खोल्या एकदम समोर. त्यात माणसं. आणि आपण भूत, पांढरं, गोल, भोपळ्यासारखं. मी त्याला भोपळ्याच म्हणायचे. भोपळ्याने दिवा हलवायचा, भांडं पाडायचं, घड्याळ उलटं फिरवायचं, असं करत घरातल्या एकेकाला घाबरवून दाराबाहेर घालवायचं. पण क्रम चुकला की माणसं पुन्हा आपापल्या जागी. डोकं लढवायचा खेळ होता. सगळे बाहेर गेले की गंमतशीर सूर वाजायचा आणि पुढचं घर यायचं. मध्ये लाईट गेली की पुन्हा पहिल्या घरापासून, आणि बोईसरला लाईट म्हणजे... जाऊ दे.

मनीषा शाळेत, हे ड्युटीवर, आणि मी दुपारी पडदे ओढून भोपळ्या. भात दोनदा करपला. मनीषाला सांगितलं, तांदूळच खराब आहे.

शेवटच्या घरात अडकले. त्या घरात एकच माणूस. मागच्या खोलीत, कोपऱ्यात बसलेली म्हातारी. मी दिवा हलवला, म्हातारी गप्प. भांडं पाडलं, गप्प. घड्याळ पाडलं, स्टूल उलटं केलं... ती जागची हलेना. मी टीव्हीला शिव्या घातल्या. तेव्हाही, शपथेवर सांगते, माझ्या डोक्यात काही आलं नाही. मॅट्रिक पास होते ना.

त्या रविवारी आम्ही माहीमला गेलो. हिरूबाय मला चुलीपाशी ओढून म्हणाली, "सुरखे, घरात कायतरी हाय."

"काय आहे?"

"मना काय ठाव? पन हाय. भरदुपारी कंदील आपलाआप हलला. मंग आयचा हंडा पडला, पान्यानी भरलेला. मंग घड्याल. आनि मंग पाट उलटा झाला, पाय वरती करून."

"मांजर असेल."

"मांजर घड्याल पाडंल? पाट उलटा करंल? कोनची मांजर गं, तुझी बोईसरची?"

मी हसले. मग हसता हसता थांबले. कंदील, हंडा, घड्याळ, पाट. तोच क्रम. मी आत जाऊन आयचा पितळी हंडा पाहिला. पोटाला हा एवढा पोचा. आय कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होती, त्रास नाही, भीती नाही.

"आय, तुला भीती नाही वाटली?"

"कसली? भूत असंल तर त्याला सांग, पाडलेला उचलून पन ठेव."

घरी आल्यावर मी कॅसेट काढून कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली. ह्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला डोक्याचा डॉक्टर लावला असता. दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी साड्या उचलल्या. म्हटलं, एकदाच बघू. सगळी घरं पार केली, शेवटच्या घरात गेले आणि फक्त भांडं पाडलं. आणि लगेच परत पाडलं. बाकी कशाला हात लावला नाही.

संध्याकाळी आमच्या खालच्या किराणा दुकानात हिरूबायचा फोन. "सुरखे, आज हंडा पडला. मी उचलून ठेवला तं परत पडला! मी भगताला बोलवू काय?"

"नको," मी म्हटलं. "थोडे दिवस थांब."

आता माझी गंमत बघा. शहाण्या बाईने कॅसेट गटारात टाकली असती. मी काय विचार केला? बोईसरला बसून हंडा पाडता येतो, तर आयला बाहेर का काढता येणार नाही? सुनेने सासूला घाबरवायचं, हे काम तर कितीतरी जणी हौसेने करतील! रोज दुपारी मी पदर खोचून बसायचे. कंदील आधी आणि हंडा नंतर, हंडा आधी आणि घड्याळ नंतर, सगळं एकदम. माहीमला धाडधाड भांडी पडत होती, हिरूबाय घरभर अंगारा लावत होती, दीर घर सोडून होडीवर झोपायला गेले. सगळं घर घाबरलं, जिला घाबरवायचं ती सोडून. हिरूबाय फोनवर म्हणाली, "आय बोलते, रोज रोज काय तेच तेच. दुसरा काय येत नाय काय त्याला?"

मला ते फार लागलं. सासूने सैपाकाला नावं ठेवली तरी इतकं लागलं नव्हतं.

आणि त्यात वाईट बातमी. आदल्या दिवशी आय उठायला गेली आणि उभी राहता येईना म्हणून परत बसली. हिरूबाय सांगताना रडत होती.

त्या दुपारी मी शेवटच्या घरापर्यंत गेले आणि थांबले. पाडायचं ते सगळं पाडून झालं होतं. भोपळ्या म्हातारीच्या खोलीत नुसता तरंगत होता. त्या खोलीला एक खिडकी होती. तिला मी कधी हात लावला नव्हता, कारण खिडकी उघडून कोण घाबरतं? पण म्हातारी तशी अंधारात बसलेली बघवेना. म्हटलं, निदान वारा तरी येऊ दे तिला. उघडली.

खिडकीतून एक काळा पक्षी आत आला. तो मी आणला नव्हता, मला तो हलवताही येत नव्हता. म्हातारीच्या पुढ्यात ताटली होती. पक्ष्याने त्यातलं काहीतरी उचललं आणि उडाला. आणि म्हातारी उठली! हात उगारून त्याच्यामागे धावत सुटली, या खोलीतून त्या खोलीत, दारातून बाहेर. सूर वाजला. मी एकटीच टाळ्या वाजवत बसले, टीव्हीसमोर, खुळ्यासारखी.

खालून दुकानदाराची हाक आली, फोन आहे. मी चप्पल न घालता गेले.

हिरूबाय माहीमच्या एसटीडी बूथवरून ओरडत होती. "आय भायेर आली! सुरखे, भायेर!"

झालं होतं ते असं. आय जेवत होती. मागच्या खोलीची समुद्राकडची खिडकी खाऱ्या हवेने फुगून कित्येक वर्षं घट्ट बसलेली, दिरांनी पहार लावूनही कधी हलली नव्हती. ती आपोआप उघडली. कावळा आत आला आणि त्याने आयच्या ताटातला भाजलेला सुका बोंबील उचलला. आय ओरडली, "मेल्या, माझा बोंबील!" आणि उठली. त्या आखडलेल्या पायांनी. भिंत धरत, खांब धरत, कावळ्यामागे माजघरातून ओटीवर, ओटीवरून अंगणात. कावळा जाऊन बसला वलांडीवर, बोंबील सुकवायच्या दोऱ्या बांधतात त्या बांबूवर. आय त्याच्या खाली, हातात ताट, डोक्यावर ऊन. सगळी गल्ली गोळा झालेली. मग आयने खाली पाहिलं, तेव्हा तिला कळलं आपण कुठे उभ्या आहोत.

"कोनी बोलू नका," ती म्हणाली. "माझा भाव आलाय. गनपत. लहानपनी पन माझ्या ताटातला पलवून असाच धावायचा."

कावळ्याने बोंबील खाल्ला आणि उडून गेला. आय अंगणातच बसली आणि राहिलेला भात तिथेच जेवली. पुढच्या महिन्यात ती टोपली घेऊन बाजारात होती. गिऱ्हाइकांशी भांडत.

मी तो गेम नंतर पुन्हा एकदाच खेळले. शेवटचं घर उघडलं तर म्हातारी आधीच बाहेर, पायरीवर. कोपरा रिकामा. भोपळ्याला काही काम नव्हतं. मनीषा म्हणाली, कॅसेट बिघडली.

आयला मी खूप वर्षांनी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे माझा हंडा तू चेपवलास?"

"आय, मी बोईसरला होते."

"बोईसरला बसून चेपवलास. आनि खिडकी?"

"ती पण मीच."

"आनि कावला?"

"नाही आय. कावळा माझा नव्हता."

"मंग बरोबर," ती म्हणाली, आणि मासळी कापायला लागली.

माझी नात इंजिनियरिंग शिकते. ती म्हणते योगायोग, लाकूड आकसतं, कावळे तर येतातच. खरं असेल. पण हंडा आज माझ्या घरी आहे, पोच्यासकट, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नाही. माझ्याकडेही नाही. आय जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अलीकडे जेवायला खिडकीपाशी बसते आणि ताटात एक बोंबील जास्तीचा ठेवते. कोण येईल ठाऊक नाही. आय आली, तर मला न्यायला नाही, हंड्याचा जाब विचारायला येईल.