बेळगाव ते दाबोळी, अर्धंही पाणी नाही

माझी आई विमानात बसली तोवर आमच्या अख्ख्या देवबाग गावात विमानात बसलेलं कोणी नव्हतं. हे मी ऊर फुगवून सांगणार. ज्याला शेखी वाटेल त्याला खुशाल वाटो!

आमच्याकडे तेव्हा मैल कोण मोजत होतं? अंतर पाण्यात मोजायचं. एक पाणी म्हणजे एक भरती. याच एका पाण्याने आईचा घात केला होता. थोरल्या बहिणीला कळा लागल्याचा निरोप आला, आई मासळीची पाटी टाकून होडीत बसली आणि खाडीच्या तोंडाशी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, होडी वाळूत रुतली. पुढच्या भरतीला ती पोचली, तोवर पहिला नातू जन्मला होता आणि डोळे मिटून गेलाही होता. "एका पाण्यान चुकलंय," एवढंच म्हणायची, आणि भरल्या ताटावरून उठायची.

साठच्या दशकाच्या अखेरीस मी बेळगावला नोकरीत होतो. आई माझ्याकडे आली असतानाच वास्कोहून धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची तार आली. कळा दिवस भरण्याआधीच सुरू झाल्या होत्या. बस घाट उतरून संध्याकाळी कधीतरी पोचवणार. म्हटलं, खड्ड्यात गेले पैसे, वास्कोजवळच्या दाबोळीला विमानाने जायचं!

"इमान किती पाण्यान जाता रे?"

"अर्ध्या तासात, आई."

"तास माका सांगा नको. पाणी सांग."

"अगो, अर्धंसुद्धा नाही. भरती लागली म्हणेपर्यंत दाबोळी!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जगातला पहिल्या नंबरचा थापाड्या मीच.

विमानात ती मांडीवर नारळ घेऊन बसली. घाट मागे पडला, खाली समुद्र दिसला, तशी ताडकन म्हणाली, "खिडकी उघड रे झिला, दर्याक नारळ देवचो आसा!" आमच्यात खाडीच्या तोंडातून बाहेर पडताना नारळ दिल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. हवाईसुंदरी हसून म्हणाली, "आजी, ही उघडत नाही." आई तिच्यावरच उखडली. "मगे दर्याक मी काय सांगू?"

दाबोळीला उतरल्या उतरल्या तिने चाकासमोर नारळ आपटला. पहारेकरी ओरडत धावला. त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून ही म्हणते, "घे रे, परसाद आसा." वैमानिकानेही हात पुढे केला. अशी माझी आई!

दवाखान्यात बहीण अजून कण्हत होती. "आये, इलंस?"

"इलंय गो. पाणी फिराच्या आधी इलंय."

दुपारी मुलगा झाला. सुईणीच्या हातून तो आधी आईच्याच हातात आला. तिला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ती मला घेऊन किनाऱ्यावर गेली. पदराच्या गाठीत तिने खोबऱ्याचा एक तुकडा राखून ठेवला होता. तो लाटेत सोडून ती दर्याला म्हणाली, "ह्यो त्या पयल्या झिलाचो वाटो. त्याका सांग, तुझी आजी आज येळार पावली."