गाव विचारून बांधलेला फेटा

मंगळवार पेठेतला तो फेटेवाला कुणाच्याही डोक्याला हात लावण्याआधी विचारायचा, "गाव कंचं, पावणं?" गाव कळल्याशिवाय कापड उलगडायचा नाही. हुपरीकडचा फेटा वेगळा, पन्हाळ्याकडचा वेगळा, असं त्याचं म्हणणं. मला कधी फरक दिसला नाही. त्याला मात्र लांबूनही दिसायचा.

नव्वदच्या दशकात पन्हाळ्यावर परदेशी सिनेमाचं शूटिंग आलं. मी दुभाष्या होतो, फेटेवाल्यालाही मीच नेलं. दिग्दर्शकानं एक चित्र पुढं केलं. सगळ्या गावकऱ्यांना एकसारखे मोरपिसाचे फेटे आणि गळ्यात साप! फेटेवाल्यानं ते बराच वेळ निरखलं.

"ह्यो देश कंचा म्हणायचा?"

"आपलाच," मी पुटपुटलो.

त्यानं चित्र बाजूला ठेवलं. रांगेतल्या प्रत्येकाला गाव विचारत त्यानं चाळीस जणांना चाळीस तऱ्हांनी फेटे बांधले. दिग्दर्शक आधी ओरडला, मग बघतच राहिला. शेवटी त्यानं स्वतःचंच डोकं पुढं केलं.

"गाव कंचं, पावणं?"

मी त्याच्या शहराचं नाव सांगितलं. फेटेवाल्यानं कापडाची घडी घातली.

"तिकडं कसं बांधत्यात, मला ठावं न्हाय. उगं मनाचंच कसं बांधायचं?"

हे मी दिग्दर्शकाला इंग्रजीत सांगितलं. मुद्दाम दोनदा.